प्रार्थनेतलं नाव

आमच्यात मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत. जिवंतांसाठी करतात, आजाऱ्यांसाठी करतात, परगावी गेलेल्यांसाठी आणि परीक्षेला बसलेल्यांसाठी करतात, भांडून बोलणं टाकलेल्या नातेवाइकांसाठीसुद्धा करतात. पण माणूस एकदा गेला की तो देवाच्या हाती. त्याच्यासाठी आपण मागावं असं काही उरलं नाही, अशी आमच्या मंडळीची शिकवण होती. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं. चर्चची इमारत नव्हती, दर रविवारी एका शाळेच्या वर्गात आम्ही उपासनेला जमायचो. इतर ख्रिस्ती लोकांत वेगळी रीत असते हे मला पुढे कळलं. हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण हे माहीत नसेल तर त्या वर्षी आमच्या घरात रोज संध्याकाळी काय चाललं होतं ते कुणाला समजायचं नाही.

भांडुपला टेकडीच्या उतारावर आमची चाळ होती. एक खोली, तिच्यात कमरेएवढी भिंत घालून पलीकडे स्वयंपाकघर. आजूबाजूला सगळे कोकणातले लोक, आम्ही नगरकडचे, त्यात ख्रिस्ती. पण पाण्याच्या रांगेत कुणी कुणाचा धर्म विचारत नव्हतं, हंडा कुठे ठेवलाय तेवढंच बघत होते. संध्याकाळी कारखान्यांचे भोंगे एकामागून एक वाजायचे. बाबांच्या कारखान्याचा भोंगा जाडसर आवाजाचा, तो ऐकला की आई स्टोव्हला पंप मारायला बसायची. शेजारी सावंतकाकूंचा पाटा सुरू व्हायचा, ओल्या खोबऱ्याचा वास यायचा, आणि आमच्याकडे आई परातीत बाजरीची भाकरी थापायची त्याचा थप थप आवाज. बाबा फिटर होते. रॉकेलनं आणि मग साबणानं हात धुवूनसुद्धा त्यांच्या नखांत काळं राहायचंच. ते चटईवर मांडी घालून बसले की आम्ही बसायचो, आणि ताटं वाढलेली असताना बाबा प्रार्थना करायचे. आई कधी मोठ्यानं प्रार्थना करत नसे. गायची मात्र खड्या आवाजात.

बाबांच्या प्रार्थनेत नावांचा क्रम ठरलेला होता. आधी गावाकडची आजी, मग आई, मग दीपकदादा, मग मी. 'प्रभू, दीपकला सांभाळ, रूथला सांभाळ.' माझं नाव आलं की दादा घाईघाईनं 'आमेन' म्हणून टाकायचा आणि हात भाकरीकडे न्यायचा. बाबांचं अजून दोन वाक्यांचं बाकी असायचं. ते एक डोळा उघडून बघायचे. 'देव जेवू देणार नाही काय रे तुला?' दादा म्हणायचा, 'देव देईल हो, पण भाकरी गार होते.' आई पदराआड हसायची.

दादा दहावीनंतर बाबांच्याच कारखान्यात लागला. मला कॉलेजात घालायचं त्यानंच लावून धरलं होतं, नाहीतर बाबांचा विचार मला नर्सिंगला पाठवायचा होता. आमच्या सबंध नात्यात कॉलेजची पायरी चढलेलं कुणी नव्हतं. घाटकोपरच्या कॉलेजात मी मागच्या बाकावर बसायची. सर इंग्रजीत भराभर सांगायचे आणि मला प्रश्न विचारायचा झाला तरी वाक्य मनात जुळवेपर्यंत तास संपायचा. घरी आले की दादा विचारायचा, 'आज काय शिकलीस गं, सांग की.' मला धड सांगता यायचं नाही. तो म्हणायचा, 'जाऊ दे. आवाज तरी भारी असेल ना सरांचा?'

त्या रविवारी कारखान्यातली पोरं मनोरीला समुद्रावर जाणार होती. पाऊस ओसरत आला होता, पण गेलेला नव्हता. बाबांना दोन गोष्टी आवडल्या नव्हत्या, एक समुद्र आणि दुसरा रविवार.

'उपासना सोडून फिरायला जातात का?'

'बाबा, एक रविवार. कारखान्याला दुसऱ्या कुठल्या दिवशी सुट्टी असते ते तुम्हीच सांगा.'

'तुझी मर्जी.'

बाबा 'तुझी मर्जी' म्हणाले की ते फार रागावलेत असं समजायचं. सकाळी चहा-चपाती खाण्याआधी त्यांनी प्रार्थना केली. आजी, आई, आणि मग मी. मधलं नाव आलंच नाही. मी डोळे मिटूनच होते, पण सगळ्यांच्या ते लक्षात आलं हे मला श्वासांवरून कळलं. 'आमेन' झाल्यावर दादा म्हणाला, 'बाबा, आज माझा नंबर नाही लागला वाटतं?' बाबांनी चहाची बशी तोंडाला लावली. 'बरं, मी बोटीत बसल्यावर माझं मीच घेतो.' आई म्हणाली, 'गप खा.' तो हसत हसत उठला, चपातीची गुंडाळी हातात घेतली आणि जाता जाता दाराच्या पत्र्यावर बोटांनी टकटक करून गेला. ती त्याची खोडच होती.

दुपार कलताना विजय आला. विजय आमच्या मंडळीतलाच, दादाबरोबर कारखान्यात कामाला. तो दाराबाहेर उभा राहिला आणि आत येईना. त्याची पॅन्ट गुडघ्यापर्यंत वाळूनं भरलेली होती. त्यानं जे सांगितलं ते एवढंच होतं, आणि इतक्या वर्षांत त्यात कुणी काही भर घालू शकलेलं नाही. दादा कुणाला वाचवायला गेला नव्हता, कुणाशी पैज लावून आत गेला नव्हता. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून किनाऱ्यावरच्या पोरांना काहीतरी ओरडून सांगत होता. एक लाट आली. ती परत गेली तेव्हा तो तिथे नव्हता.

बाबा आणि मी मनोरीला गेलो. मार्वेच्या धक्क्यावरून होडीनं पलीकडे. आई आली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही बरेच दिवस नाही. गावातली कोळी माणसं आपल्या होड्या घेऊन शोधायला गेली होती. फिलोमिना नावाच्या एका बाईनं आम्हाला तिच्या ओट्यावर बसवलं. बोंबील वाळत घातलेल्या दोऱ्यांखाली आम्ही बसून राहायचो, ती चहा आणून द्यायची. तिचा नवराही पूर्वी एकदा मासेमारीला गेलेला परत आला नव्हता. ती आमच्यासारखंच मराठी बोलायची, पण हेल निराळा. ती बाबांना म्हणाली, 'दर्या देतो परत. दोन-तीन दिवसांत देतो.' दोन-तीन दिवस झाले, मग आठवडा झाला. नंतर तिनं ते वाक्य म्हणणं सोडून दिलं आणि नुसताच चहा देत राहिली. एकदा एवढंच म्हणाली की त्यांच्याकडे मृतांच्या दिवशी, ज्यांची कबर नाही त्यांच्यासाठी कबरस्तानातल्या मोठ्या क्रुसापाशी मेणबत्ती लावतात. तुम्ही या, तुमच्या मुलाची लावा. बाबांनी मान हलवली. 'आमच्यात नाही तसं, बाई. आणि तो गेलाय असं कुणी सांगितलं?'

तर असं झालं. प्रेत मिळालं नाही, आणि बाबांनी रोज संध्याकाळी प्रार्थनेत दादाचं नाव घेणं चालू ठेवलं. पूर्वीपेक्षा मोठ्यानं. 'प्रभू, दीपकला सांभाळ.' आमच्या घरात हे नाव प्रार्थनेत येणं म्हणजे काय ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. नाव आहे तोवर दादा आहे. ज्या दिवशी ते गळेल त्या दिवशी तो मेला, आणि मारणारे आपण. नाव आलं की मी डोळे उघडून दाराकडे बघायची. बाबांचे डोळे घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. आई डोळे उघडेच ठेवून स्टोव्हच्या निळ्या जाळाकडे बघत बसलेली. आणि मग माझं नाव. माझं नाव संपलं की दादाचा घाईघाईचा 'आमेन' मला ऐकू यायचा. खोटं सांगत नाही. दाराच्या पलीकडून, पत्र्याला तोंड लावून कुणी बोलावं तसा. मी हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आज लिहिते आहे तरी हात आखडतोय. माझी नात मानसशास्त्र शिकते, ती म्हणते, आजी, शोकात असं ऐकू येतं, त्यात काही नाही. असेल. पण तेव्हा मला जेवणाची वेळ झाली की बाबा नाव घेतील म्हणून भीती वाटायची, आणि घेणार नाहीत म्हणून जास्त.

कॉलेजात एका मुलीनं डबा खाताना सहज विचारलं, 'तुला भाऊ आहे का गं?' मी घास चावत राहिले. ती म्हणाली, 'अगं, सोपा प्रश्न आहे यार.' मी 'आहे' म्हणाले आणि घरी येईपर्यंत मला वाटत राहिलं की मी खोटी साक्ष दिली. 'होता' म्हटलं असतं तरी तसंच वाटलं असतं.

बाबा रविवारी उपासनेला यायचे बंद झाले. ते मनोरीला जायचे, वाळूवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचे आणि परत यायचे. मंडळीत कुजबुज होती. उपासना चुकवून गेला म्हणून असं झालं, असं कुणीतरी कुणालातरी म्हणालं आणि ते फिरत फिरत आईपर्यंत आलं. आमच्या मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, घरी आले, चांगले मनुष्य होते, ते म्हणाले की आपण स्मरणाची उपासना ठेवू. बाबा म्हणाले, 'साहेब, मातीशिवाय कसली उपासना? पेटी कुठली आणणार? रिकामी?' पाळकसाहेबांनी चहा अर्धा ठेवला आणि प्रार्थना न करता गेले. पाळक प्रार्थना न करता घरातून गेलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

सावंतकाकू एका दुपारी आईपाशी येऊन बसल्या. 'वयनी, माझा ऐका. आमच्या गावाक देवाक कौल लावतत. पोरगो खय आसा ता देव सांगता. मी आमच्या घरकारांका गावाक धाडतंय. तुमचो देव वायलो, आमचो वायलो, पण आवशीचा काळीज तर वायला नाय ना?' देव वेगवेगळे असले तरी आईचं काळीज एकच, असं त्यांचं म्हणणं, आणि आईनं त्यांना नाही म्हटलं नाही. संध्याकाळी तिनं ते बाबांना सांगितलं. बाबा भडकले. 'आपण प्रार्थना करतोय ना? मग आणखी कुणाला विचारायचंय?'

आई भाकरी थापता थापता थांबली. 'तुमच्या प्रार्थनेनं तो येतही नाही आणि जातही नाही. दारातच उभा आहे. मला त्याला कुठं ठेवायचं तेवढं सांगा. मग मी कुणाला विचारत नाही.'

दारातच उभा आहे, असं ती म्हणाली. म्हणजे तिलाही ऐकू येत होतं की काय, हे मी तिला शेवटपर्यंत विचारलं नाही.

नाताळ आला. आमच्याकडे नाताळच्या आदल्या आठवड्यात मंडळीतली तरुण पोरं गळ्यात बाजाची पेटी अडकवून आणि पेट्रोमॅक्सची बत्ती घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरतात. प्रत्येक घरी दोन गाणी होतात, मग घरधन्यानं आपल्या घरासाठी प्रार्थना करायची, सगळ्यांची नावं घेऊन, आणि मग चहा आणि करंज्या. आधीच्या वर्षापर्यंत पेट्रोमॅक्स दादा धरायचा. त्या वर्षी आमच्या घरी यायचं की नाही यावर त्यांच्यात बराच वाद झाला म्हणे. शेवटी दिवेलागणीला ते आले. दहा-बारा जणं त्या खोलीत मावेनात, काही गॅलरीत उभे. विजय सगळ्यांच्या मागे, पेट्रोमॅक्स त्याच्या हातात. बाबांनी त्यांना थांबवलं नाही. त्यांनी दोन गाणी म्हटली. मग सगळ्यांनी माना खाली घातल्या.

बाबांनी सुरुवात केली. आजीचं नाव झालं. आईचं झालं. मग 'प्रभू,' असं म्हणून ते थांबले. पेट्रोमॅक्सचा फुस्स आवाज तेवढा येत होता. त्यांनी परत 'प्रभू' म्हटलं. त्यांचा खालचा ओठ हलत होता आणि आवाज येत नव्हता. रोज आम्हा दोघींसमोर ते नाव त्यांना घेता येत होतं, पण ज्यानं दादाला शेवटचं पाहिलं तो विजय समोर उभा असताना येईना. कुणीतरी खाकरलं. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडून आई म्हणाली, 'रूथ, तू कर.'

मी आयुष्यात चारचौघांत मोठ्यानं प्रार्थना केलेली नव्हती. कॉलेजात वाक्य जुळवते तसं मनात जुळवायला गेले आणि काहीच जुळेना. दीपकला सांभाळ म्हणू? म्हटलं तर विजय खोटा पडतो. न म्हणू? तर बाबांच्या देखत मी दादाला मारते. मग मी जे खरं होतं तेच बोलले, कारण दुसरं काही जवळ नव्हतं.

'प्रभू, दीपकदादा कुठं आहे ते आम्हाला माहीत नाही. बाबांना माहीत नाही, आईला नाही, मला नाही. तुला माहीत आहे. आम्हाला सांगायचं नसेल तर नको सांगू. पण तुला माहीत आहे, एवढं आम्हाला पुरू दे. तो आमच्या घरात होता म्हणून तुझे उपकार मानतो. आमेन.'

मंडळीत लोक आपल्या अनुभवाची साक्ष देताना सांगतात तसा उजेड वगैरे काही पडला नाही. दिवसभर स्टोव्ह भरभरत असतो, आपल्याला त्याची सवय झालेली असते, आणि कुणी चावी फिरवली की एकदम कळतं केवढा आवाज होता. तसं माझ्या छातीत झालं. तुला माहीत आहे. हे मी लहानपणापासून हजारदा ऐकलं होतं, पण ते त्या क्षणापर्यंत कधी मला लागलं नव्हतं. त्यानंतर मला दारापलीकडचा 'आमेन' ऐकू आला नाही. त्याचंही मला वाईट वाटलं, हे लपवत नाही.

पोरांनी 'आमेन' म्हटलं. ती निघणार तेवढ्यात बाबा बोलले, कुणाकडे न बघता. 'त्या सकाळी मी त्याचं नाव घेतलं नव्हतं. रागानं गाळलं. पोरगं घरातून तसंच गेलं. उघडं.'

तेव्हा मला कळलं की इतके दिवस बाबा रोज दादाचं नाव मोठ्यानं घेत होते ते त्या सकाळचं भरून काढायला.

आई भिंतीआडून पुढे आली. तिचे हात पिठाचे होते. 'उघडं नाही गेलं.'

बाबांनी वर बघितलं.

'तुम्ही गाळलंत तेव्हा मी घेतलं. मनात. मी रोजच घेते, तुमच्या मागोमाग. त्या दिवशी तुमच्या वाटचंही घेतलं. तुम्ही मोठ्यानं म्हणाल तेवढंच देवाला ऐकू जातं, असं वाटतं का तुम्हाला?'

'मग इतके महिने मला...'

'तुम्ही विचारलंत?' आई म्हणाली. मग जरा थांबून, 'आणि राग होता मला तुमचा. फार होता.'

बाबा भिंतीला धरून खाली बसले. ते रडले नाहीत. रडला विजय, तोंडावर हात दाबून, पेट्रोमॅक्स हलायला लागला तेव्हा कुणीतरी तो त्याच्या हातातून घेतला. आई त्याला म्हणाली, 'विजय, दारात काय उभा राहिलास, आत ये, बस. चहा ठेवते.' आणि मग बाकीच्यांना, 'करंज्या नाही केल्या रे यंदा. बिस्किटं चालतील ना?'

'पळतील, मावशी,' कुणीतरी म्हणालं. आणि आमच्या घरात त्या पावसाळ्यापासून पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी प्रार्थना केली. आजी, आई, रूथ. आणि शेवटी, 'दीपक दिलास, त्याबद्दल उपकार.' सांभाळ म्हणाले नाहीत. मी डोळे मिटूनच ठेवले. नंतर आम्ही तिघं जेवलो, आणि त्या रात्री मला इतकी गाढ झोप लागली की सकाळचं पाणी चुकलं. सावंतकाकूंनी आमचा हंडा भरून दारात ठेवला होता. कौलाची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

मला शांती मिळाली असं मी म्हणते तेव्हा लोकांना वाटतं की दुःख गेलं. ते गेलं नाही. मी आता तेव्हाच्या बाबांपेक्षा म्हातारी आहे आणि समुद्राचं पाणी अजून पायाला लागू देत नाही. पण दुःख एका जागी राहायला लागलं, माझ्यामागे घरभर फिरायचं थांबलं.

नाताळनंतरच्या रविवारी उपासना झाल्यावर आई म्हणाली, 'मला मनोरीला घेऊन चला.' बाबांनी का म्हणून विचारलं नाही. होडीत ती माझा दंड घट्ट धरून बसली. नगरकडच्या कोरड्या मुलखात जन्मलेली बाई, मुंबईत इतकी वर्षं काढून तिनं समुद्र लांबून बसमधून पाहिला होता तेवढाच. फिलोमिनाबाईच्या ओट्यावर ती थांबली, दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आईनं तिचा हात हातात घेतला आणि आमच्या ख्रिस्ती रीतीनं 'सलाम' म्हटलं. मग आम्ही वाळूवर गेलो. बाबांनी ती जागा दाखवली, विजयनं त्यांना दाखवली होती ती.

आईनं चपला काढल्या, लुगडं थोडं वर धरलं आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. ओहोटी होती. ती पार पलीकडे बघत होती, जिथे पाणी आणि आभाळ यांत फरक राहत नाही. बाबा पुढे व्हायला लागले तेव्हा मी त्यांना धरलं. बराच वेळ ती तशीच उभी होती.

मग ती वळून आमच्याकडे आली. चपला पायात घालत म्हणाली, 'एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं मला.' आणि बाबांच्या शर्टाच्या बाहीवरची वाळू झटकत म्हणाली, 'असू दे त्याला इथं. जागा चांगली आहे.'